पातळी

क्रिना कोडेचं गाव समुद्राहून पावणेदोन मीटर खाली आहे.
चर्चच्या भिंतीत एक निळी फरशी बसवलीय,
माणसाच्या डोक्यापेक्षा जरा वर:
बांध नसता, तर पाणी इथपर्यंत.
लोक तिच्याखाली सायकली टेकवतात
आणि बटाट्याच्या भावाबद्दल बोलतात.

क्रिना पंपघरात. सव्वीस वर्षं.
जमिनीखालून खारं पाणी रोज वर येतं,
बांध कितीही धड असला तरी येतं,
पंप ते रोज खाडीत परत टाकतो.
यात विशेष काही नाही.
विशेष हे, की घरी गेल्यावर
पाणी तिच्यात चढतं, आणि तिथे पंप नाही.

फेम्केने फोन उचलला नाही: अपघात.
मग कुठला रस्ता, कुठलं इस्पितळ,
शेवटचा स्वेटर कोणता घालायचा, इथपर्यंत.
साहेब जिन्यात नुसतं 'हं' म्हणाले: नोकरी गेली.
समोरच्या योप्पेने पडदा ओढला: आपल्याचमुळे.

माझ्या भाषेत म्हणतात, मनात पाल चुकचुकते.
तिच्या मुलखात पाली नाहीत, थंडी फार.
तरी रात्री तीनला छताच्या कोपऱ्यात
चुक.
चुक.
मन चिंती ते वैरी न चिंती,
हे तिला कुणी सांगायला नको होतं.
वैरी बिचारे रात्री झोपतात.

आई तिची त्रेपन्नच्या पुरात छपरावर बसून वाचलेली.
पुढे जन्मभर उशाशी बूट ठेवून झोपली,
नाड्या सैल, पाय सरळ आत जावा अशा.
क्रिना लहानपणी ते बूट उलटे करून बघायची.
तळ कोरा. चाळीस वर्षांत
चिखलाचा एक ठिपका नाही.

लोक म्हणाले, चांगला विचार कर.
तिने करून पाहिला.
दारावर 'येथे पाणी नाही' अशी पाटी लावावी, तसा.

मग एका नोव्हेंबरात, चिडूनच,
तिने कामावरची जुनी वही घरी आणली.
रकाने आखलेले होतेच: वेळ, पातळी, शेरा.

३.१० फेम्के गेली. गळ्यापर्यंत.
३.४० डाव्या कुशीत गाठ. छातीपर्यंत.
५.०५ मी कुणालाच आवडले नाही, कधीच. नाकाखाली.
७.३० शेरा, पहिल्या नोंदीपुढे: फेम्केचा फोन.
झोपली होती. वाटाण्याच्या सुपात
मीठ किती घालतात, विचारत होती.

लिहिताना हात हलतो
तेवढ्यात पाणी बोटभर उतरतं.
बोटभरच. तिने दोनदा मोजलं.

फेब्रुवारीअखेर नोंदी एकशे बारा.
खरी निघाली एक: मांजर.
त्या सकाळी ती बागेत खड्डा खणत होती
आणि डोक्यात विचार एकही नव्हता.
कुदळ. निळसर चिकणमाती. सुन्न बोटं.
दोन हातांवर लागलेलं पाणी.
खरं दुःख आलं तेव्हा असं आलं,
लहानसं, टॉवेलात गुंडाळलेलं, वजनाचं,
हातांना काम देणारं.
ती खूप रडली आणि मग भूक लागली.

पाच पाचची नोंद मात्र अजून येते.
तिच्यापुढचा शेरा रिकामा आहे.
कधी ती तिथे पेन्सिल टेकवते,
कधी नुसती वही मिटून चहा ठेवते.

जूनमध्ये पंपघरात नवा पोरगा आला, वाउटर.
चार दिवस आकडे बघून वैतागला.
म्हणाला, रोज तेवढंच येतं, रोज तेवढंच काढतो,
मग हे संपणार कधी?

क्रिनाने खिडकीची काच बाहीने पुसली.
बाहेर, समुद्राच्या पावणेदोन मीटर खाली,
बटाट्याला फुलं आली होती,
पार बांधाच्या पायथ्यापर्यंत पांढरी.

मग घड्याळ पाहून
तिने वहीत आकडा टाकला.