शटर अर्धं खाली

जुम्म्याची नमाज आटोपून शराफत पारकर येतो,
दुकानाचं शटर कमरेएवढं उचलतो,
आणि आम्ही एकेक वाकून आत शिरतो
दुधावर डोळा असलेल्या मांजरांसारखे.
रुवीचा हा रस्ता चारपर्यंत झोपलेला.
बाहेर शेहेचाळीस अंश.
आत चार मशिनं, सुताची धूळ,
आणि भिंतीभर टांगलेले बिनडोक्याचे दिशदाशे,
आमचे सर्वांत सहनशील श्रोते.

पहिलं स्टूल निरगुडकरांचं.
सिमेंट कंपनीचा हिशेब तीस वर्षं जुळवणारा माणूस,
मात्राही पैशासारख्या मोजतो,
आणि एक जरी कमी भरली
तर पुढच्या शुक्रवारपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही.
पारकर गळ्यातली टेप काढतो:
"द्या इकडं. कमरेत ढिली आहे तुमची कविता,
दोन बोटं आत घेऊ?"
ते हसतात.
आणि घरी जाऊन खरंच घेतात.

माझ्या व्हिसावर शिक्का आहे: नोकरीस परवानगी नाही.
कवितेबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही.
म्हणून वही माझ्याकडे.
कोण आलं, कुणी काय वाचलं,
चहाचे किती बैसे कुणाकडे राहिले.
नियम एकच, तोही मीच घातलेला:
नुसतं 'छान' म्हणायचं नाही,
जे आवडलं त्यावर बोट ठेवायचं.
मोडला तर शंभर बैसे.

जालिंदर घुगे आला तेव्हा
सेफ्टी बूट दारात काढून
महिनाभर नुसताच बसला.
पाचव्या शुक्रवारी खिशातून चलनाचा चतकोर निघाला:

सातव्या मजल्यावरून समुद्र दिसतो म्हणे,
समुद्रापलीकडे आपलं गाव म्हणे,
मी परांचीवर
नटबोल्ट बघतो.

निरगुडकरांची बोटं सवयीनं मोजायला लागली
आणि मधेच थांबली.
"हा दुसरा 'म्हणे'," ते म्हणाले,
"कुणीही काढायला सांगो, काढू नकोस."
जालिंदरनं चलन उलटंसुलटं करून पाहिलं,
जणू मागं किंमत छापलेली असावी.

ज्योत्स्ना फर्गोजला शुक्रवारी ड्यूटी असते.
तिच्या ओळी ताप लिहायच्या तक्त्याच्या पाठीवर येतात,
अँब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या हातून.
त्या दिवशी पारकरनं वाचल्या, चष्म्याशिवाय:

आत एसी, बाहेर उन्हाळा,
मधल्या भिंतीला ओळ आली.

कात्रीसुद्धा हलली नाही.
मग निरगुडकरच म्हणाले, "आहाहा,"
आणि स्वतःहून शंभर बैसे ठेवले मशिनवर.

फोन लावला. ती वॉर्डच्या कोपऱ्यातून कुजबुजली,
"अहो, ओल लिहिलंय मी! ओल!
बुरशीवाली. घरमालकाला तीनदा सांगून झालंय."
पारकरचा चेहरा उसवला.
"माफ करा सिस्टर, माझा चष्मा..."
तिकडं कुणाची तरी घंटा वाजली, ट्रॉलीची चाकं गेली.
"थांबा. परत वाचा एकदा.
तुम्ही वाचलीत तशीच."
त्यानं वाचली.
चाकं परत आली, लांब गेली.
"राहू दे," ती म्हणाली.
"घरमालक नाही करत दुरुस्त, मी तरी कशाला करू?"

मी वहीत मांडलं: फर्गोज, दोन ओळी.
आणि तो ळ?
तो कुणाच्या नावावर घालायचा?
"उचल म्हणून लिहा," निरगुडकर म्हणाले,
"पारकरकडून. बिनव्याजी."

अस्रची अजान झाली, शटर पूर्ण वर गेलं,
ऊन आडवं होऊन थेट वहीवर पडलं.
एक गिऱ्हाईक दारात, ईदची घाई.
पारकर त्याच्या खांद्याला टेप लावता लावता,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बाई, तुमचं माप घ्यायचं राहिलंय अजून."