पाठपुरावा

नेरूळ. तिसरा मजला, लिफ्टच्या मागची खोली.
एक फोन, एक यादी
आणि दहा प्रश्न, जे मला झोपेतही पाठ आहेत.
ऑपरेशनला दोन वर्षं झाली की मी फोन करते.
एकशे बारा माणसं. चेहरे फारसे पाहिले नाहीत,
एमआरआय मात्र सगळ्यांचे पाहिलेत.

क्रमांक त्रेसष्ट. सर्जेराव शेलार, वय चोपन्न,
माथाडी, तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट.
चौथा-पाचवा मणका. चार स्क्रू, दोन सळ्या.

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही,
दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"
मागे ट्रक रिव्हर्स घेतोय, कुणी ओरडतंय
येऊ दे, येऊ दे, बास.
"दहा कुणाच्या हिशोबानं, मॅडम?
थप्पीवरून पडलो ते दहा धरू
का थोरला गेला ते?"
फॉर्मवर याचा खुलासा नाही.

"वजन किती उचलता?"
तो हसला.
"गोणीचं विचारताय का नातीचं?
गोण सोडली. आता काट्यापाशी उभा राहून
नग मोजतो. नातीला तिची आई देते वर."
पर्याय पाच होते. मी तिसऱ्यावर खूण केली,
'हलकं वजन, सोयीच्या उंचीवर ठेवलेलं असल्यास.'

"मग दुखणं किती लिहू?"
"लिहा दोन.
डॉक्टरांनी लई कष्ट घेतले."

लिहिलं दोन.
फोन ठेवणार तेवढ्यात हात बदलला, आवाज खाली आला,
"ताई, हे रात्री बसूनच झोपतात. भिंतीला लोड लावून.
मी सांगितलं म्हणून लिहू नका."
लिहिता येणारच नव्हतं.
उत्तर रुग्णाचं, रुग्णाच्या तोंडून, असा नियम.
बायकोला रकाना नाही.

जानेवारीत वाशीच्या हॉलमध्ये डॉक्टर वर्टी
पडद्यावर रेघ दाखवतील, आठावरून अडीचवर उतरलेली.
खोटी नाही ती. हाच सर्जेराव
हातगाडीवरून आला होता, डावा पाय लाकूड झालेला.
आज उभा आहे. तेही खरंच.

एकोणीसजण फोन उचलत नाहीत.
त्यांच्यापुढे आम्ही 'संपर्क तुटला' लिहितो.
बरे होऊन विसरले असतील आम्हाला,
किंवा बोलण्यासारखं काही उरलं नसेल.
नियम तीन वेळा लावायचा आहे. मी चौथ्यांदाही लावते,
कुणाला न सांगता, डबा उघडण्याआधी.

त्रेसष्टच्या समासात पेन्सिलीनं मी 'लोड' लिहिलं होतं.
तपासणीला आलेल्या बाईंनी बोट ठेवलं, "हे काय?"
"काही नाही," म्हणाले, आणि खोडलं.
कागद तिथं जरा पातळ झालाय.

चौसष्ट. घणसोली.
रिंग जातेय.