साहेब गावात आहेत?

मकरपुऱ्याच्या लॅबमध्ये मार्चअखेरीला
सातनंतर आम्ही दोघंच उरायचो,
मी आणि शमुवेल चेऊलकर,
आणि दारात आडवी ठेवलेली एक वीट.

वीट त्यानेच आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून,
कुणाच्या पायाला लाल धूळ लागू नये म्हणून.
एसीची हवा वीतभर फटीतून पॅसेजात जायची,
भट्टसाहेब बिलावरून कटकट करायचे.
कनुभाई वॉचमन मात्र खूश,
खुर्ची ओढून बरोबर फटीसमोर, मसाला चोळत.

पहिल्या आठवड्यात मला रागच आला.
मी काय वाघीण आहे?
अठ्ठेचाळीसची, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई.
तो बीकर पुसत म्हणाला,
"तुमचं काही नाही, मॅडम. नियम माझ्यावर आहे."

त्याची आई एकदा डबा द्यायला आली, हसायला लागली.
"आमच्यात कुठे होतं गं एवढं?
ह्याचे वडील रेल्वेत. बायकांबरोबर नाइट ड्युट्या केल्या.
हा ठाण्याला जाऊन शिकून आला."
आणि मलिद्याची वाटी माझ्या हातात दिली.

लिफ्टमध्ये मी एकटी असले की तो जिन्याने.
चौथ्या मजल्यावर धापा टाकत गुड मॉर्निंग.
पुढे पुढे जिन्यातली पावलं ऐकून
मी चहाचं पाणी ठेवायला लागले.

मग ती अर्जंट नमुन्यांची रात्र.
फटीतल्या वाऱ्याने तराजूचा
चौथा आकडा ठरेना.
सात, नऊ, सात, तीन.
कनुभाई जेवायला गेलेला.
शमुवेल विटेकडे बघत राहिला,
मग तोंडी परीक्षेत विचारावं तसं म्हणाला,
"साहेब गावात आहेत ना?
म्हणजे, बाईचा नवरा गावात असला
तर तो केव्हाही येऊ शकतो, असं धरतात.
मग दार लावलं तरी चालतं."

गावात आहे.
गोत्रीला, पाण्याच्या टाकीमागे,
तिच्या नावाच्या पाटीखाली,
सहा वर्षं.
येऊ शकतो. केव्हाही.

"आहेत," मी म्हटलं.

त्याने वीट पायाने सरकवली.
दार लागलं. आकडा ठरला,
मी वहीत उतरवला, खाली सही केली.

पॅसेजात लिफ्ट थांबल्याचा आवाज आला.
शमुवेलने मान वर केली नाही.
मी केली.