दुसरी सुई

पहिली सुई साडेसातला.
उपाशीपोटी रक्त शहाण्यासारखं वागलं:
पाच पूर्णांक आठ.
मग नर्स लुसेआनेनं हातात दिला कागदी पेला,
पंच्याहत्तर ग्रॅम साखर पाण्यात विरघळलेली,
वरून संत्र्याचा खोटा वास.
"पाच मिनिटांत संपव, मेलेनाइते.
आणि दोन तास बसून राहा."

दोन तास.
एवढ्या वेळात मी तुतीच्या सालीचा हातभर पट्टा
बडवून पातळ करते, सहा बायकांच्या तालात.
इथे हात रिकामे.
बोटं आपोआप मांडीवर ठोके देतात.

खिडकीतून नेइआफुचा धक्का दिसतो.
नुकुआलोफाची बोट लागलीय.
उतरतायत पिठाची पोती, साखरेची पोती,
परक्या मेंढ्यांच्या चरबीदार बरगड्यांची खोकी.
तेविता, माझा भाऊ, तिथेच हमाल होता.
त्याचीही साखर 'जराशी' होती म्हणे.
जराशी, म्हणजे कोणी औषध देत नाही,
कोणी रडत नाही,
कोणी ताटातला घास कमी करत नाही.
सेहेचाळिसाव्या वर्षी दोन खोक्यांच्या मध्ये
तो खाली बसला,
डावा हात उजव्या हातात धरून,
जणू कुणी दुसऱ्याचा हात
सांभाळायला दिलाय.
आम्ही म्हणालो, काळीज.
चर्चमध्येही काळीजच म्हणाले.
साखरेचं नाव कोणी काढलं नाही.

दुसरी सुई.
नऊ पूर्णांक चार.
"डायबेटिस?"
"नाही."
"मग बरी आहे मी?"
लुसेआने पेनाचं टोपण लावते, काढते.
"तेही नाही."

ना धड समुद्र, ना धड जमीन.
भरती-ओहोटीमधली ती पट्टी,
खेकडे राहतात ती.

मग तीही खिडकीबाहेर बघते.
"बोट आली, माल उतरला.
पण हमालांना हाका मारून घसा बसला
तरी ते सावकाश येतात,
गोदामाची दारं अर्धीच उघडतात.
तोवर साखर धक्क्यावर पडून.
भल्या पहाटे रिकामा धक्का बघून काय कळणार?
माल उतरल्यावर दोन तासांनी बघायचं.
आणि पडलेला माल नुसता पडून राहत नाही गं,
रस्ते खराब करतो. बारीक बारीक रस्ते.
काळजाकडे जाणारेसुद्धा."

तेविता कोण, तिला माहीत नसावं.
किंवा असावं. बेट लहान आहे.

"परत फिरता येतं?"
"बरेचदा. पण पायांनी."

बाहेर गाडीत होपोआते, तेविताचा मुलगा,
एकोणीस वर्षांचा, खांदे बापाचे,
मांडीत लाल सोड्याची बाटली.
"आत्या, शनिवारच्या लग्नात डुक्कर कोण भाजणार?"
मी दार उघडत नाही.
खिडकीतून हात घालून चावी काढून घेते.
"डुकराचं नंतर बघू. उतर.
घर तीन किलोमीटर, सगळा चढ.
आणि सोमवारी सकाळी इथे उपाशीपोटी यायचंस."
"मी? मला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणते,
आणि चढाला लागते.
"तेच बघायचंय."