पोहरा

पहिली डिस्क मी मारली.
टिकटिकते आहे, असं विर्वेला सांगितलं.
टिकटिक खिडकीच्या झडपेची होती;
फेब्रुवारीच्या वाऱ्यात सारेमा बेटावर सगळंच टिकटिकतं.
पण पडद्यावर आलं होतं: फाईल वाचता येत नाही.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाला कान लावलेला माणूस मी,
मला कोण शिकवणार काय बिघडलंय ते.

फाईल म्हणजे सफरचंदं.
ओस पडलेल्या शेतांतली झाडं
विर्वे सायकलवरून हिंडून शोधायची.
फळ उभं कापायचं, निळ्या ताटलीत ठेवायचं,
खाली चिठ्ठी: नाव, आणि कुणी सांगितलं ते.
लेम्बितच्या आजीचं आंबट.
भिंतीपाशीचं, डिसेंबरात गोड होणारं.
सांगणारे बहुतेक आता चर्चमागे, वाळूत.
अकराशे चार फळं.

एका रात्रीत सगळी दुसऱ्या डिस्कवर उतरवली.
हिरवी खूण आली: यशस्वी.
जुनीचे स्क्रू काढले. आतली चकती
इतकी लख्ख की विर्वेने तिच्यात बघून
केस नीट केले,
मग अंगणातल्या झाडाला दोऱ्याने टांगली,
कस्तुर पक्षी फळं टोचतात म्हणून.

जूनमध्ये दुसरीही तेच बोलू लागली.
चित्र उघडावं तर वर अर्धं फळ, देठासकट,
खाली नुसता करडा पट्टा,
जिथे चिठ्ठी असायची तिथे.
केबल बदलली. पुन्हा बदलली.
डिस्कला तपासणीला बसवलं, ती पहाटेपर्यंत
स्वतःला चाचपत राहिली
आणि म्हणाली, माझ्यात दोष नाही.
चोर दुसरं काय म्हणणार?
शेडमध्ये खिळ्यांच्या डब्याशेजारी टाकली तिला.

तिसरी आणली. एकशे चाळीस युरो.
बॅकअप रोज रात्री दोनला चालायचा
आणि रोज सकाळी सांगायचा, यशस्वी.
खोटं नव्हता बोलत बिचारा.
हाती आलं ते इमानाने जपत होता,
किडकं ते किडकं.

विर्वे हातमोजा विणत होती. वर न बघता म्हणाली,
"तिन्ही डिस्क वाईट? एकाच घरात?
तिन्ही सुना वाईट म्हणणारी
एक सासू मला माहीत आहे."

त्या रात्री मी एकच फाईल तीनदा कॉपी केली
आणि प्रत्येकीच्या आकड्यांची बेरीज काढली,
सारख्या फाईलची सारखीच यायला हवी ती.
तीन बेरजा आल्या, तीन तऱ्हेच्या.
चाकाचा झिजका दात
दर फेरीला त्याच जागी ठोका देतो.
दर वेळी नवीच चूक करणारा
रस्त्यातला कुणीतरी असतो.

मेमरीची तपासणी लावून झोपलो.
सकाळी पडदा लाल, वरपासून खालपर्यंत.
दोन पट्ट्यांतली दुसरी.
अंगठ्याने खाच दाबली, हातात आली,
इतकी हलकी की राग कुठे ठेवावा कळेना.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
आडात होतं.
पोहऱ्याला भोक होतं.

शेडमधली आणली, फुंकर मारली, जोडली.
एका शब्दाने बोलली नाही. वाचत गेली.
आठशे त्र्याण्णव फळं धड, बियांपर्यंत.
दोनशे अकरा करडीच राहिली:
ती मीच त्या फेब्रुवारीच्या रात्री
गळक्या पोहऱ्यातून आणलेली.

सप्टेंबरात विर्वेने सायकलला हवा भरली.
झाडं सापडताहेत अजून, काही.
नाव विचारायला दार वाजवावं
तर आतून कुणी येत नाही.

चकती अजून टांगलेली आहे.
वारा आला की फिरते, थांबते, उलटी फिरते.
दोनशे अकरा नावं तिच्यावर, जशीच्या तशी,
वर पावसाचे डाग, माझ्या बोटांचे ठसे.
एक कस्तुर तिच्यात बघून चोच पुसतो
आणि फळाकडे वळतो.