पिवळा बिल्ला

कुटाइसीत फेब्रुवारीच्या सकाळी
नळाचं पाणी बोटं कापत येतं.
मलखाज दिवा खाली ओढतो, पाय बांधतो,
जीभ ओढून एका बाजूला काढून ठेवतो,
आणि म्हणतो, "लामझिरा, ही गाभण आहे."

मला माहीत होतं.
हात ठेवला तेव्हाच कळलं होतं.
बाईसाठी एक शब्द, जनावरासाठी दुसरा,
आमच्या भाषेनं हे आधीच वाटून ठेवलंय,
म्हणजे सुरी धरताना
गल्लत नको व्हायला.

फॉर्मवर लिहिलंय: वय अंदाजे तीन.
रंग तपकिरी. मालक नाही.

मालक नाही, खरंय.
पण माक्वाला आहे,
पुलापलीकडच्या भट्टीतून शिळा पाव मागून आणणारी.
ती हिला मुरा म्हणते.
काल गाडीचं दार धरून ती उभी होती,
"हिला विचारलंत?"

माझ्याकडे उत्तरं होती, पत्रकावर छापलेली.
मी त्यातलं एकही दिलं नाही.
एवढंच म्हणाले, दार सोडा, बोट चेमटेल.

आणि वय अंदाजे नाही.
तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, गॅरेजांच्या मागे
नऊ पिल्लं झाली होती.
मे उजाडेपर्यंत आठ गेली:
काही ट्रकखाली, बाकीची रक्ताच्या हगवणीनं.
हाच हिशेब मी शाळाशाळांतून सांगत फिरते,
नऊ वजा आठ.
मुलं वहीत उतरवून घेतात.

उरलेलं एक म्हणजे ही.
हिच्या बोटभर पायात शीर शोधत
मी चार रात्री जमिनीवर बसले होते.
शाळेत हे सांगत नाही.

तर, सुरी.
बेंबीखाली चार बोटं.
पिशवी बाहेर आली तेव्हा हाताला ऊब लागली,
सकाळपासूनची पहिली.
मण्यांसारखी एकापुढे एक, सहा.
मलखाजनं रेडिओ बंद केला, कुणी सांगितलं नव्हतं.
गाठ. दुसरी गाठ.
पिशवी फाडायची नसते.
न फाडता बाजूला ठेवायची, चिमटे तसेच ठेवून.
आत गुंगी पोचलेली असते, त्यांना कळत नाही,
असं पुस्तकात आहे,
आणि पुस्तकावर माझा विश्वास आहे,
फक्त मी तिकडे बघत नाही.

कानात पिवळा बिल्ला ठोकला. चारशे बारा.

तिसऱ्या दिवशी पुलाजवळ सोडली
तर मुरा उतरली, दोन पावलं गेली,
परत येऊन माझी बोटं चाटली.
ही क्षमा नाही. मला समजावू नका.
बोटांना चिकनचा वास होता.

माक्वालानं बिल्ला पाहिला,
टाके पाहिले, पोटावरून हात फिरवला.
"किती होती?"
सहा म्हणाले. दोन सांगता आली असती.
ती ओठ हलवत राहिली, बराच वेळ,
मोजत होती की काय, कोण जाणे.
मग मक्याच्या भाकरीचा तुकडा मोडून मुरापुढे टाकला
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,
"औषधाच्या दुकानामागे एक पांढरी आहे, लंगडी.
तिलाही न्या. बर्फ वितळायच्या आत."

तिला विचारलंत?
असं मला म्हणता आलं असतं.

कागद नव्हता.
पत्ता मी तळहातावर लिहून घेतला.