वर पोचण्याआधी सात अंश

अल ऐनच्या सनय्यात, टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत
चार महिने झाकून होती ती लँड क्रूझर.
सत्त्याहत्तरचं मॉडेल, सहा सिलेंडर,
वाळूच्या रंगाची की वाळूनेच रंगवलेली
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
मतर अल-दर्मकी म्हणाला, वडिलांची आहे.
तीन गॅरेज हिंडून आली. स्टार्टर फिरतो,
कार्ब्युरेटर खोकतो, सायलेन्सरमध्ये फटाका,
बस्स.

उस्ताद मुख्तियारने आधी चहा संपवला.
मग म्हणाला, "लांजेकर, डेल्कोची टोपी काढ."

आत रोटर. अंगठ्याएवढा, बेकेलाइटचा,
डोक्यावर पितळेची पट्टी.
त्याला काम एकच. मधोमध उभं राहून फिरायचं
आणि ज्याची पाळी त्याला ठिणगी वाढायची.
पंगतीतला वाढपीच तो, पण पंगत अजब:
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
शेजारचा थांबलेला, लांबच्याला आधी.
आणि हात कुणाच्याच पानाला लागत नाही.
मधे केसभर फट,
ती उडी विजेनेच मारायची.

फ्लायव्हीलच्या कवचाला खिडकी आहे, नाण्याएवढी.
उस्ताद समोरून हँडल फिरवत होता,
मी बॅटरी धरून वाकलेला.
छर्‍याएवढी पोलादी गोळी आली काट्यासमोर.
ही खूण: पिस्टन वर पोचण्याआधी सात अंश.
"आधी का?" पहिल्या वर्षी विचारलं होतं मी.
"पेटायला वेळ लागतो," म्हणाला होता.
"पोचल्यावर ठिणगी दिलीस
तर जाळ येईतो तो खाली निघालेला असतो."

खूण जुळली. रोटरचं तोंड एक नंबरच्या तारेकडे.
सगळं बरोबर.
चावी फिरवली. फटाका.

तेव्हा त्याने एक नंबरचा प्लग काढला,
भोकावर माझा अंगठा ठेवला,
शहीदुलला बसवलं खिडकीशी.
"वारा आला तर सांग."
शहीदुल ओरडला, गोळी! वारा नाही.
अजून एक फेरा. गोळी तीच, काटा तोच,
आणि अंगठा उडाला.
पिस्टन दोनदा वर येतो, उस्ताद म्हणाला.
एकदा छातीत दम कोंडून,
एकदा नुसता धूर टाकायला.
खिडकीतून दोन्ही सारखेच दिसतात.
कुणीतरी डेल्को उलटा बसवला होता,
पुढच्या तिघांनी फक्त खूण पाहिली.

मी दर दोन वर्षांनी जातो लांज्याला.
तिकीट, तारीख, रत्नागिरीहून एसटी, सगळं जुळतं.
पडवीत तीच खुर्ची.
मागच्या खेपेला नफिसाने ताट मांडलं
आणि विचारलं, अजून भात घालू का?
पाहुण्याला विचारतात तसं.

डेल्को उचलला, अर्धा फेरा दिला, परत बसवला.
दुसऱ्या चावीला लागली.
मतर हसला नाही. बंद केली, पुन्हा लावली,
पुन्हा बंद, पुन्हा लावली.
मग मागे जाऊन धुरात उभा राहिला,
अंगातल्या पांढऱ्या कंदुऱ्यासकट.

संध्याकाळी हफीतच्या चढावर नेली.
तिसऱ्या वळणाला खडखडली,
गोट्यांचा डबा हलवावा तशी.
उतरून डेल्को केसभर मागे घेतला.
"अजून?" मी विचारलं.
"नको. पुस्तकात सात आहे, हिला सहा पुरतात.
म्हातारी झाली."

खोलीवर आलो तेव्हा लांज्यात दीड तास पुढे,
झोपायची वेळ. अंगठ्यावर प्लगच्या भोकाचं
काळं कडं, साबणाने न गेलेलं.
फोन लावला. आज गुरुवार नव्हता.
नफिसा घाबरून म्हणाली, काय झालं?
मी लगेच काही बोललो नाही.
फोन कानाशी घट्ट धरला.